कुलुपे घडविणाऱ्याचा मुलगा: जॉर्ज सायमन ओहम

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर हा अवर्षणाचा तालुका. या तालुक्यातील राळेगणसिद्धीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९७५ च्या सुमारास अण्णा हजारे सैन्यातील नोकरी संपवून गावी परतले, ग्रामस्थांच्या श्रमदानातून पाझर तलाव आणि नालाबांध उभे राहिले, कोरड्या विहिरींना पाणी आले, हे सर्व आमच्या वाचकांना ठाऊक आहे. आज आम्ही त्या गावातील एका अगदी साध्या वस्तूपासून आरंभ करीत आहोत. ती वस्तू म्हणजे रस्त्यावरचा दिवा. राळेगणसिद्धीने सौर ऊर्जेची कास धरली तेव्हा तेथील रस्त्यांवरच्या दिव्यांना एकेक स्वतंत्र सोलर पॅनल मिळाले. जितके दिवे तितकी पॅनल्स.

पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो की, गावाच्या मध्यभागी एकच मोठे पॅनल व एकच मोठी बॅटरी ठेवून तेथून साऱ्या आळ्यांत तारा का नेऊ नयेत? पाण्याची टाकी नाही का सर्वांसाठी एकच असते? या प्रश्नाचे उत्तर आकडेमोडीने देता येते, आणि ती आकडेमोड ज्यांच्यामुळे शक्य झाली ते होते जर्मनीतील एक शाळामास्तर, जॉर्ज सायमन ओहम. शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने हे नाव घोकलेले असते. सूत्र पाठ होते, गुण मिळतात आणि पुढे सारे विस्मृतीत जाते. तो माणूस मात्र आपल्याला कधी भेटतच नाही. त्याची भेट घडवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगन या जर्मन गावी झाला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला तेच हे वर्ष. वडील योहान वोल्फगांग हे कुलुपे घडविणारे कारागीर, तर आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची कन्या. या दांपत्याच्या सात अपत्यांपैकी तीनच जगली: जॉर्ज, धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईचे निधन झाले.

वडिलांना रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. पण हातात कानस धरणारा हा मनुष्य पुस्तकांचा मोठा भुकेला होता. गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान असे सारे त्याने स्वतःच्या बळावर आत्मसात केले आणि दोन्ही मुलांना घरी शिकविले. गावच्या शाळेत मुलांना विज्ञान जवळजवळ मिळालेच नाही. जे मिळाले ते बापाकडून. जॉर्ज पंधरा वर्षांचा असताना एर्लांगन विद्यापीठातील प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी त्याची परीक्षा घेतली, आणि एका कारागिराच्या घरात स्वित्झर्लंडच्या बर्नुली घराण्यासारखी गणिती बंधूंची जोडी तयार होत आहे असा अभिप्राय दिला. धाकटा मार्टिन पुढे खरोखरच बर्लिनमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला. थोरल्याची वाट मात्र काट्याकुट्यांची निघाली.

त्यातले काही काटे त्याने स्वतःच पेरले होते. १८०५ साली विद्यापीठात गेल्यावर या हुशार मुलाचे लक्ष नृत्य, बिलियर्ड आणि बर्फावरील घसरगुंडीच्या खेळाकडे लागले. घाम गाळून मुलाला शिकविणाऱ्या वडिलांना ते सहन झाले नाही. दीड वर्षातच त्यांनी त्याला विद्यापीठातून काढून घेतले आणि तो १८०६ च्या सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवावयास गेला. वय वर्षे सतरा. महाविद्यालयात पाठविलेल्या मुलांच्या काळजीत असणाऱ्या आमच्या पालकवर्गाला या प्रसंगात आपले घर दिसले तर नवल नाही.

परदेशी एकाकी पडलेल्या ओहम यांना लांग्सडोर्फ यांच्यामागे हायडेलबर्गला जाऊन शिकावेसे वाटत होते. गुरूने सल्ला दिला तो वेगळाच: येऊ नकोस, ऑयलर आणि लाप्लास यांचे ग्रंथ घे आणि स्वतः वाच. ओहम यांनी तो मानला. बापाने जे केले होते तेच मुलाने केले. १८११ साली ते एर्लांगनला परतले व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विद्यापीठात त्यांनी तीन सत्रे शिकविलेही, पण त्या पदाला पगार असा नव्हताच. पोटासाठी बाम्बर्ग येथील एका सामान्य शाळेत जावे लागले. ती शाळा १८१६ साली बंदच पडली, आणि मग त्याच गावातील दुसऱ्या खच्चून भरलेल्या शाळेत गणिताचा मदतनीस म्हणून त्यांची रवानगी झाली. या कंटाळवाण्या वर्षांत त्यांनी भूमितीचे एक पाठ्यपुस्तक लिहिले आणि त्याची प्रत प्रशियाच्या राजाकडे धाडली. त्यातून १८१७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना कोलोन शहरातील येशूसंघीयांच्या जुन्या विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा मिळाली.

या विद्यालयाविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. सोळाव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंनी ते हाती घेतले. कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये ज्यांच्या अवशेषांना वंदन केले जाते त्या तीन राजांचे मुकुट या विद्यालयाचे चिन्ह होते, आणि आजही ते तीन राजांच्या नावानेच चालते. १७७३ साली येशूसंघावर बंदी आली तेव्हा विद्यालय संघाच्या हातून गेले. ओहम आले तेव्हा तेथे प्रशियाच्या सरकारची सत्ता होती, परंतु येशूसंघाचे नाव लोकांच्या तोंडी टिकून होते आणि भौतिक उपकरणांनी सुसज्ज अशी प्रयोगशाळाही होती. ओहम स्वतः प्रोटेस्टंट कुटुंबातले. कॅथोलिक विद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका प्रोटेस्टंट शिक्षकाने हे काम केले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या तेथील विद्यार्थ्यांत डिरिक्ले नावाचा एक मुलगा होता. तो पुढे युरोपातील आघाडीचा गणितज्ञ झाला.

त्या काळी विजेविषयी काय ठाऊक होते? इटलीतील कोमो येथील अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली जस्त व चांदीच्या चकत्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यासह एकावर एक रचून पहिली बॅटरी केली. १८२० साली डेन्मार्कच्या अर्स्टेड यांना तारेतून वीज वाहत असता जवळची चुंबकसुई हलते असे दिसले. फ्रान्सच्या आंद्रे मारी अँपिअर यांनी लगोलग त्याचे गणित मांडले. (व्होल्टा आणि अँपिअर हे दोघेही श्रद्धावंत कॅथोलिक. संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे संस्थापक धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम पॅरिसमध्ये शिकत असता अँपिअर यांच्याच घरी राहत होते.) म्हणजे वीज निर्माण करता येत होती, ओळखता येत होती. पण अमुक बॅटरीला अमुक तार जोडली तर तारेतून किती वीज वाहील, हे आधी सांगणे कोणासही साधत नव्हते. प्रत्येक जण जोडून पाहत होता.

ओहम यांनी हा प्रश्न हाती घेतला. शाळेची उपकरणे होती आणि जे नव्हते ते स्वतः घडविण्याची कला बापाच्या दुकानात शिकून झाली होती. १८२५ साली त्यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला. तार जितकी लांब तितका विजेचा जोर कमी पडतो हे त्यात बरोबर होते, पण किती कमी, याचे दिलेले सूत्र चुकीचे होते. दोष हिशेबात नव्हता. त्या काळच्या बॅटऱ्या जोडल्याबरोबर मंदावत, पुन्हा सावरत, आणि मोजणारा मोजत असतानाच दाब बदलून जाई. ज्या नियतकालिकात निबंध छापला त्याचे संपादक पोगेनडोर्फ यांनी ओहम यांना एक युक्ती सुचविली. दोन भिन्न धातूंचे सांधे केले आणि एक सांधा तापता व दुसरा थंड ठेवला की अत्यल्प पण अगदी स्थिर वीज मिळते, हे जेबेक यांनी १८२१ साली दाखविले होते. ती वापरून पाहावी.

१८२६ च्या जानेवारीत ओहम यांनी तसे केले. तांबे आणि बिस्मथ यांचे सांधे तयार केले. एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उकळते पाणी आणि वितळता बर्फ आपले तापमान बदलत नाहीत, त्यामुळे विजेचा दाबही हलेना. मग सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड २ इंचाची आणि सर्वांत लांब १३० इंचाची. एकेक तार जोडायची, टांगलेली चुंबकसुई किती वळते ते पाहायचे, ज्या पट्टीला सुई टांगली ती पीळ देऊन सुई पुन्हा जागेवर आणायची आणि पिळाचा कोन टिपायचा. पुन्हा दुसरी तार. पुन्हा पहिलीपासून. दिवसामागून दिवस हेच. या मोजमापातून जो नियम निघाला तो आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो.

तो नियम आपल्या शेतातल्या पाइपलाइनवरून समजून घेता येईल. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. विजेत या जोराला विभवांतर किंवा दाब म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. पाइपमधून दर सेकंदाला वाहणारे पाणी म्हणजे विद्युतधारा, तिचे माप अँपिअर. आणि पाइप लांब व अरुंद असेल तर पाणी अडखळते, तशी तार विजेला जो अडथळा करते तो रोध. ओहम यांनी दाखविले की धारा ही दाबाच्या सम प्रमाणात आणि रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. दाब दुप्पट तर धारा दुप्पट, रोध दुप्पट तर धारा निम्मी. तारेचा रोध तिच्या लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर घटतो. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, रोध केवळ बाहेरच्या तारेचा नसतो, वीज देणाऱ्या साधनाचाही आतला रोध असतो आणि तो हिशेबात धरावा लागतो, हे ओहम यांच्या सूत्रात प्रारंभापासून होते. जुन्या बॅटरीला व्होल्टमीटर लावला तर आकडा पूर्ण दिसतो आणि दिवा लावताच ती बसते, त्याचे कारण हेच.

व्यवहारात याचा उपयोग असा. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. व्होल्टला अँपिअरने गुणले की शक्ती मिळते, तिचे माप वॉट. १००० वॉटचा पाणी तापविण्याचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ४.३५ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध ५३ ओहमच्या आसपास. गावाकडे संध्याकाळी दाब १८० व्होल्टवर उतरला तर याच हीटरमधून सुमारे ३.४ अँपिअर वाहते आणि शक्ती उरते ६११ वॉट. दाब पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक घटला, पण उष्णता मात्र जवळजवळ दोन पंचमांशांनी गेली. कारण दाब कमी झाला की धाराही कमी होते, आणि गुणाकारात दोन्हींचा फटका बसतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब घेऊन हिशेब केला तर रोध ५२९ ओहम येतो. तोच बल्ब थंड असताना मल्टीमीटरने मोजला तर आकडा याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास निघतो. विद्यार्थी गोंधळतात, आणि मीटर बिघडला असे ठरवून मोकळे होतात. मीटर बिघडलेला नसतो. तापलेल्या धातूचा रोध वाढतो, आणि बल्बमधील तार दोन हजार अंशांच्या वर तापलेली असते. ओहम यांचा नियम तापमान स्थिर असताना लागू होतो. म्हणून तर त्यांना उकळत्या पाण्याची आणि बर्फाची गरज भासली होती. बल्ब नेहमी बटण दाबण्याच्या क्षणी का उडतो, याचेही उत्तर यातच आहे.

आता राळेगणसिद्धीच्या खांबाकडे येऊ. सरकारी योजनांतून त्या काळी बसविल्या जाणाऱ्या सौर दिव्यांत सर्वसाधारणपणे १२ व्होल्टची बॅटरी आणि ११ वॉटचा सीएफएल दिवा असे. ११ भागिले १२, म्हणजे एका दिव्याला ०.९ अँपिअरच्या आसपास धारा. समजा बॅटरी १०० मीटर दूर ठेवली आणि अडीच एमएमची तांब्याची वायर टाकली. जाण्याची व येण्याची मिळून २०० मीटर, रोध सुमारे दीड ओहम. एकच दिवा असेल तर वायरमध्येच १.४ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे १२ मधील नववा हिस्सा. टोकाला असे वीस दिवे लावले तर धारा १८ अँपिअर हवी, आणि १८ गुणिले दीड म्हणजे २७ व्होल्ट केवळ वायरच मागते. बॅटरीत आहेत बारा! दिवे लागणारच नाहीत. तोटा अर्ध्या व्होल्टच्या जवळपास राखावयाचा तर शंभर चौरस मिलिमीटरहून जाड तांबे लागेल, आणि २०० मीटर लांबीच्या अशा तारेचे वजन १९० किलोच्या आसपास भरेल. एवढे तांबे गावात उघड्यावर कोण ठेवील? त्यापेक्षा खांबावर पॅनल, खांबाशीच बॅटरी आणि दोन-चार मीटर वायर. पाण्याची टाकी सर्वांसाठी एक असू शकते, बारा व्होल्टची बॅटरी असू शकत नाही.

दाब वाढविला तर चित्र पालटते. २०१७ साली राज्य शासनाने शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, तेव्हा पहिल्या प्रकल्पांसाठी यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी आणि आपले राळेगणसिद्धी ही गावे निवडण्यात आली. राळेगणसिद्धीच्या प्रकल्पाची क्षमता २ मेगावॉट, म्हणजे वीस लाख वॉट. शेतीची वाहिनी ११ हजार व्होल्टची असते. सरळ भागाकार केला तर धारा येते १८२ अँपिअर. हीच शक्ती २३० व्होल्टवर न्यायची म्हटली तर ८,७०० अँपिअर लागतील. (तीन फेजांच्या हिशेबात हे आकडे बदलतात, तत्त्व बदलत नाही.) तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा त्याच तारेतला तोटा सुमारे २,३०० पट होईल. या वर्गाच्या नियमाचा शोध मात्र ओहम यांचा नव्हे. तो इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी १८४१ साली लावला.

जूल यांचा नियम आमच्या शेतकरी बांधवांना फार महाग पडतो, म्हणून त्यावर थोडे रेंगाळू. दाब कमी झाला की धाराही कमी होते, हे हीटरला लागू आहे. विहिरीवरच्या मोटारीला नाही. मोटार ही नुसता रोध नव्हे. तिला ठरावीक पाणी ठरावीक उंचीवर चढवायचे असते, म्हणून दाब उतरला की ती जास्त धारा ओढून काम पुरे करू पाहते. पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टवर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. दाब ३५० वर आला आणि भार तोच राहिला तर धारा नऊच्या जवळ जाते. हातात धरलेल्या मीटरवर हा फरक क्षुल्लक वाटतो. पण वाइंडिंगमधील उष्णता वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी. एका डीपीवर गरजेपेक्षा जास्त मोटारी चढल्या की सर्वांचाच दाब उतरतो, सर्वच मोटारी जास्त ओढतात, त्यामुळे दाब आणखी उतरतो. शेवटी कोणाची मोटार जळते, कधी डीपीच जळते आणि उभे पीक पाण्याविना राहते.

स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले याच वेळी मोटार बंद पाडण्यासाठी असतो. तो सारखा पडतो म्हणून अनेक ठिकाणी तो काढून मोटार डायरेक्ट केली जाते. पाण्याची पाळी चुकण्याची धास्ती आम्ही समजू शकतो, तरीही हे करू नये असेच आम्ही म्हणू. रिले पडतो तेव्हा तो दोन आकड्यांचा हिशेब सांगत असतो. विहीर दूर असेल तर केबल एक माप जाड घेणे हा खर्च वाइंडिंगच्या खर्चापेक्षा कमीच भरतो. लांबी दुप्पट तर रोध दुप्पट, हे आठ तारांवर मोजून झालेले आहे.

ज्या माणसाने ते मोजले त्याच्या वाट्याला काय आले? १८२६ साली ओहम अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेऊन बर्लिनला भावाकडे गेले. १८२७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्युतमंडलाचे संपूर्ण गणित त्यात होते. या ग्रंथाने आपल्याला विद्यापीठाचे दार उघडून मिळेल अशी त्यांची आशा होती. झाले उलटेच. त्या काळी जर्मनीत निसर्गाचे तत्त्वचिंतन करणाऱ्यांचा दबदबा होता, निसर्गाला सूत्रात बसविणे त्यांना हलके वाटे. प्रयोग करणाऱ्यांना गणित झेपत नव्हते. बर्लिनच्या एका समीक्षकाने तर ग्रंथ निराधार कल्पनाविलास म्हणून झिडकारला. विद्यापीठाची जागा मिळाली नाही. स्वाभिमान दुखावलेल्या ओहम यांनी १८२८ च्या मार्चमध्ये कोलोनच्या नोकरीचाही राजीनामा दिला. आमच्या मते हा निर्णय घाईचा होता, प्रयोगशाळा हातची गेली. पुढची पाच-सहा वर्षे बर्लिनमध्ये आठवड्याला थोडे तास शिकवून त्यांनी काढली. वय चाळिशीच्या पुढे, संसार नाही. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले.

१८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली आणि जगणे काहीसे स्थिरावले. दरम्यान त्यांचे सूत्र दुसऱ्यांच्या हातांत काम करू लागले होते. लाइपझिगच्या फेख्नर यांनी प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. फ्रान्समध्ये पुये, रशियात लेंझ यांना तेच दिसले. तारायंत्राचे युग येऊ घातले होते. शेकडो मैल तार टाकायची तर ती किती जाड हवी आणि बॅटऱ्या किती हव्यात हे आधी कळणे भाग होते, आणि ते सांगणारा दुसरा कोणताच हिशेब जगात नव्हता. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कोपली पदक दिले आणि दुसऱ्या वर्षी परदेशी सदस्य करून घेतले. परक्या देशाने मान दिल्यावर मग स्वदेशाचे डोळे उघडले. हा क्रम आपल्याकडे नवा नाही. १८४५ साली बव्हेरियाच्या अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. १८४९ साली ते म्युनिकला गेले आणि १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तेथील विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यासन त्यांना मिळाले. तरुणपणापासून ज्याची आस धरली होती ते पद त्यांनी दोनच वर्षे भोगले. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

यातला एक योगायोग सांगावासा वाटतो. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश नावाचा एक गर्भश्रीमंत व एकलकोंडा संशोधक होऊन गेला. मीटर नसल्यामुळे तो विजेचा झटका स्वतःच्या शरीरावर घेऊन त्याच्या तीव्रतेवरून धारेचा अंदाज बांधी. १७८१ च्या सुमारास, म्हणजे ओहम यांच्या जन्माआधीच, तो जवळपास याच नियमापर्यंत पोहोचला होता. पण त्याने ते कोणास सांगितले नाही. त्याची टिपणे १८७९ साली मॅक्सवेल यांनी छापली तेव्हा ओहम यांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. कॅव्हेंडिशला प्रसिद्धीची गरज नव्हती, ओहम यांना नोकरीची होती. म्हणून जगाला नियम ओहम यांच्याकडून मिळाला.

१८८१ साली पॅरिसमध्ये विद्युततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत विजेच्या मापांना नावे मुक्रर झाली: दाबाला व्होल्टा यांचे, धारेला अँपिअर यांचे आणि रोधाला ओहम यांचे. रोधासाठी ओमेगा हे ग्रीक अक्षर चिन्ह म्हणून रूढ झाले, कारण ओहम यांच्या नावाचे पहिले अक्षर लिहिले तर ते शून्यासारखे दिसते. रोधाच्या उलट जे माप, म्हणजे तार वीज किती सुलभपणे वाहू देते ते, त्याला अभियंते ओहमची अक्षरे उलट्या क्रमाने लिहून म्हो म्हणू लागले. १९७१ साली त्या मापाला अधिकृतपणे सीमेन्स हे नाव मिळाले, तरी जुन्या पुस्तकांत आणि काही जुन्या मीटरांच्या तबकड्यांवर म्हो अजून वाचावयास मिळतो.